बापाचा पगार सारखा, गल्लीही तीच, मग मुलगे वेगळे का निघतात?

दूरदेशी

"आम्हीही दोन बॅगा घेऊनच उतरलो होतो. आम्ही आलो ना वर? मग यांना काय धाड भरलीये?"

इथे अमेरिकेत मंडळाच्या जेवणावळीत श्रीखंड संपत आलं की कुणीतरी हे वाक्य टाकतंच. 'हे' म्हणजे कोण ते कुणी विचारत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. पंगतीत यावर पाच मिनिटांत बोलून होत नाही, म्हणून हा धागा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या वर का सरकत नाहीत, याची दोन ठरीव उत्तरं असतात. एक, ती मुळात गरीब आहेत आणि गरिबाचं पोर गरीबच राहतं, यात वंशाचा काही संबंध नाही. दुसरं, संस्कार नाहीत, बाप घरात नाही. २०१८ साली राज चेट्टी (हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ), नेथन हेंड्रन, मॅगी जोन्स आणि सोन्या पोर्टर यांनी एक अभ्यास बाहेर काढला आणि या दोन्ही उत्तरांची पंचाईत झाली. १९७८ ते १९८३ मध्ये जन्मलेली सुमारे दोन कोटी मुलं. त्यांच्या लहानपणीचं आईबापांचं उत्पन्न आणि २०१४-१५ मधलं, म्हणजे तिशी ओलांडल्यावरचं, त्यांचं स्वतःचं उत्पन्न यांची जोडणी केली.

कुटुंबांना उत्पन्नाच्या क्रमाने उभं करून पाच सारखे थर पाडले. तळाच्या थरात जन्मून मोठेपणी सगळ्यात वरच्या थरात पोचण्याचं प्रमाण असं: गोऱ्यांत १०.६ टक्के, हिस्पॅनिकांत ७.१, आशियाईंत २५.५, नेटिव्ह अमेरिकनांत ३.३ आणि कृष्णवर्णीयांत २.५. लक्षात घ्या, ही सगळी तळाच्याच थरातली मुलं आहेत. गरिबीची सबब इथेच संपते.

मला त्याहून हादरवलं ते वरच्या थराच्या आकड्यांनी. श्रीमंत घरात वाढलेल्या गोऱ्या मुलग्यांपैकी ३९ टक्के मोठेपणीही वरच राहिले, १० टक्के तळाला गेले. श्रीमंत घरात वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांत वर राहिले १७ टक्के आणि तळाला गेले २१. बापाने डॉक्टर-वकील होऊन, चांगल्या वस्तीत घर घेऊन जे उभं केलं, ते मुलाच्या हातात टिकण्यापेक्षा निसटण्याचीच शक्यता जास्त. आपल्याकडे 'एका पिढीने कष्ट काढले की पुढच्या सुटल्या' असं गृहीत धरतात. इथे ते गृहीतकच चालत नाही.

आणि मुली? सारख्या उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलींची स्वतःची कमाई जवळजवळ सारखी आहे, कृष्णवर्णीय मुली किंचित पुढेच. आई तीच, घर तेच, बाप असला-नसला तरी तोच. मग बहीण टिकते आणि भाऊ घसरतो, हे 'संस्कार' या उत्तरात कसं बसवायचं?

जनगणनेसाठी वस्त्यांचे छोटे तुकडे पाडलेले असतात, त्यांना ट्रॅक्ट म्हणतात, सरासरी चारेक हजार माणसांचे. एकाच ट्रॅक्टमध्ये, सारख्या उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या मुलग्यांची तुलना केली, तरी ९९ टक्के ट्रॅक्टमध्ये कृष्णवर्णीय मुलगे मागे. तुरुंगाचा आकडा तर वाचवत नाही: १ एप्रिल २०१० या एका दिवशी, सगळ्यात गरीब घरांतून आलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी २१ टक्के गजाआड होते. आणि देशातल्या वरच्या एक टक्का श्रीमंत घरांतले कृष्णवर्णीय मुलगे तुरुंगात असण्याचं प्रमाण, वर्षाला ३६ हजार डॉलर कमावणाऱ्या घरातल्या गोऱ्या मुलग्यांइतकं.

मी राहते शार्लटला, नॉर्थ कॅरोलायनात. बँकांचं शहर, आयटीतले आपले लोक भरपूर, बॅलंटाइनच्या बाजूला तर दर तिसऱ्या घरासमोर दिवाळीला रांगोळी. २०१४ साली चेट्टींच्याच गटाने देशातल्या ५० मोठ्या शहरांची यादी केली, त्यात शार्लट पन्नासावं आलं. तळातून वर जाण्याचं प्रमाण ४.४ टक्के. सॅन होजेला १२.९. इतक्या बँका, इतके टॉवर, आणि इथल्या गरीब मुलाला त्यांतलं काही मिळत नाही. शहराला हे फार झोंबलं, समित्या बसल्या, २०१७ मध्ये जाडजूड अहवाल आला.

दोन बॅगांबद्दल: त्या बॅगांत डिग्री होती, इथल्या विद्यापीठाचं किंवा कंपनीचं पत्र होतं, आणि मागे फी भरू शकलेलं एक घर होतं. आपण रिझर्वेशन करून एसटीत चढलो आणि दांडीला लोंबकळणाऱ्याला विचारतोय, तू बसत का नाहीस?

---

खडूस_काका

लेख चांगला, पण एकांगी. बाप घरात नसण्याचा मुद्दा दोन ओळींत उडवून लावलात. त्यांच्यातली निम्म्याहून जास्त मुलं एकट्या आईकडे वाढतात. घरात पुरुष नसला तर मुलगा बिघडतो, मुलगी निभावते, हे सांगायला हार्वर्डचा प्रोफेसर कशाला हवा? आमच्या गल्लीतही हेच दिसायचं.

---

अंकगणिती

काका, त्यांनी तेही तपासलंय. दोन्ही पालक घरात असलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांची तुलना, दोन्ही पालक घरात असलेल्या गोऱ्या मुलग्यांशी केली, उत्पन्न सारखं धरून. दरी राहतेच, थोडीशी कमी होते इतकंच. आईवडिलांचं शिक्षण, लग्न, स्वतःचं घर, सगळं जमेस धरलं तरी राहते.

पण तुमच्या मुद्द्यात एक गंमत आहे, ती बघा. स्वतःच्या घरात बाप आहे की नाही यापेक्षा, *वस्तीत* किती कृष्णवर्णीय बाप आपापल्या घरात आहेत याचा परिणाम मोठा निघाला. ज्याच्या घरी बाप नाही अशा मुलालाही, गल्लीत इतरांचे बाप असतील तर फायदा. आणि हा फायदा कृष्णवर्णीय मुलग्यांनाच दिसतो.

दरी सगळ्यात कमी कुठे? गरिबी कमी, गोऱ्यांच्या मनात वंशद्वेष कमी, आणि कृष्णवर्णीय बापांचं घरात असण्याचं प्रमाण जास्त, अशा वस्त्यांत. किती मुलांना अशी वस्ती मिळते? दारिद्र्य १० टक्क्यांखाली आणि निम्म्याहून जास्त बाप हजर, अशा ट्रॅक्टमध्ये ५ टक्क्यांहून कमी कृष्णवर्णीय मुलं वाढतात. हाच निकष गोऱ्यांना लावला तर ६३ टक्के.

---

झुळूक

छान धागा. शंका: कुणाचा बाप किती कमावतो हे यांना कळलं कसं? प्रायव्हसीचं काय?

---

अंकगणिती

@झुळूक, प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि जनगणना यांची नावं काढून टाकलेली जोडणी, सेन्सस ब्युरोच्या आत बसूनच वापरायची. जोन्स आणि पोर्टर दोघी तेव्हा ब्युरोच्याच. मुलाला विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवलं की पालक सापडतात, वंश जनगणनेच्या फॉर्मवरून. बाहेर येतात त्या फक्त सरासऱ्या.

---

रानभेंडी

आमच्या एच.आर.वाल्यांचं एक दुखणं सांगते. डेव्हा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ होत्या, त्यांचा मिलवॉकीतला प्रयोग २००३ साली छापून आला. सारख्या वयाची, सारखं बोलणारी, सारखे कपडे केलेली पोरं खऱ्या जाहिराती बघून साध्या नोकऱ्यांसाठी पाठवली. काहींच्या अर्जात 'तुरुंगात जाऊन आलो' असं लिहिलेलं, काहींच्या नाही. परत फोन आला तो असा: गोरा, गुन्हा नाही, ३४ टक्के. गोरा, गुन्हा आहे, १७. कृष्णवर्णीय, गुन्हा *नाही*, १४. कृष्णवर्णीय, गुन्हा आहे, ५.

म्हणजे तुरुंगातून सुटलेला गोरा पोरगा, कधीच काही न केलेल्या कृष्णवर्णीय पोरापेक्षा पुढे. काका, यात कुणाचा बाप कुठे होता?

त्याच्या पुढच्याच वर्षी बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांचा शिकागो-बोस्टनमधला अभ्यास आला. सुमारे पाच हजार बायोडेटा, मजकूर तोच, नुसती नावं बदलली. एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना, लकिशा, जमाल अशा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा पन्नास टक्के जास्त फोन. आमच्याकडे तेव्हापासून ट्रेनिंगं चालतात. ट्रेनिंगला केक चांगला असतो.

(जाता जाता: चेट्टी दिल्लीत जन्मले आणि नवव्या वर्षी जिथे आले ते शहर हेच, मिलवॉकी.)

---

तळेगावकर

मी शिकागोला १९७४ साली आलो. तेव्हा इथे आपलं माणूस दिसलं की आपण रस्ता ओलांडून बोलायला जायचो. त्या काळाबद्दल थोडं, कारण आकड्यांत ते येत नाही.

पहिलं घर बघत होतो तेव्हा एजंटने भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, या रस्त्याच्या पश्चिमेला तुम्हाला दाखवतो, पूर्वेला तुम्ही बघूच नका. घरं विकताना वंशभेद करायला बंदी घालणारा फेअर हाउसिंग ॲक्ट होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची, कायद्यावर सही ११ एप्रिलची. कायदा आला तरी पेन्सिल तीच होती. आम्हाला त्याने पश्चिमेला का घातलं, याचा तेव्हा मी विचार केला नाही. आम्हाला बरंच वाटलं होतं.

त्या पूर्वेच्या कृष्णवर्णीय लोकांनी घरं कशी घेतली होती? शिकागोतल्याच नॉर्थ लॉनडेलचं उदाहरण देतो. सरकारने १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं, त्याच्या नकाशांत कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगवल्या: इथे कर्ज धोक्याचं. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन आलं, त्यांनीही तीच री ओढली. बँक कर्ज देईना, मग दलाल पुढे आले. गोऱ्या घरमालकाला 'काळे येताहेत, पळा' म्हणून घाबरवायचं, पडेल भावात घर घ्यायचं आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला दुप्पट किमतीला 'कॉन्ट्रॅक्ट'वर विकायचं. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे हप्ते भरायचे, डागडुजी करायची, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर तुमच्या नावावर नाही. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि आजवर भरलेलंही गेलं. १९६८ मध्ये लॉनडेलच्या लोकांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढून हप्ते रोखले, कोर्टात गेले.

माझ्याबरोबर प्लँटमध्ये जे कृष्णवर्णीय सहकारी होते, त्यांचा आणि माझा पगार सारखा होता. मी ते घर विकून उपनगरात दुसरं घेतलं, त्यात मुलीच्या कॉलेजची फी निघाली. त्यांच्या घराची किंमत वीस वर्षांत वाढलीच नाही. हा फरक पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नव्हता.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांना स्वस्त कर्ज देणारं १९४४ चं जी.आय. बिल घ्या. १९४७ साली मिसिसिपीत त्या योजनेतून हमी मिळालेली कर्जं ३,२२९. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना किती? दोन.

---

झुळूक

दोन हजार ना?

---

तळेगावकर

नाही बाळ. दोन.

---

अंकगणिती

आजोबांचा प्रतिसाद वाचून एक भेद स्पष्ट करावासा वाटतो, नाहीतर या धाग्यात संपत्ती आणि उत्पन्न यांची खिचडी होईल.

संपत्तीत दरी प्रचंड आहे. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती २,८५,००० डॉलर, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. साधारण सहास एक. एलोरा देरेनोंकूर आणि सहकाऱ्यांनी ही दरी थेट १८६० पासून मोजली: तेव्हा माणशी सरासरी साठास एक होती (गुलाम म्हणून विकली जाणारी माणसं तेव्हा मालकाच्या 'संपत्ती'त मोजली जायची, हे विसरू नका). १९२० पर्यंत दहास एक झाली. पुढच्या शंभर वर्षांत फक्त सहापर्यंत आली. गुलामगिरी संपल्यावरची पहिली पन्नास-पंचावन्न वर्षं, ज्यांत हातात काही नव्हतं, त्यांत जेवढं अंतर कापलं त्याच्या पासंगालाही नंतरचं शतक पुरत नाही.

आणि ती पहिली वर्षंही काही सुखाची नव्हती. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने किनाऱ्यालगतच्या जमिनी मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो फिरवला, जमिनी जुन्या मालकांकडे परत. त्यांच्या बचतीसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली, साठेक हजार ठेवीदारांचे पैसे अडकले. १९२१ मध्ये टल्सा शहरातलं ग्रीनवूड, भरभराटीला आलेली कृष्णवर्णीयांची बाजारपेठ, जमावाने दोन दिवसांत जाळून टाकली.

आता गुंता. चेट्टींचा अभ्यास *उत्पन्नाचा* आहे आणि तुलना सारख्या उत्पन्नाच्या घरांची आहे. त्यामुळे 'लाल नकाशे होते म्हणून मुलगे मागे' एवढं म्हणून भागत नाही. नकाशांनी वस्त्या ठरवल्या, संपत्ती ठरवली. पण सारख्या वस्तीतला, सारख्या उत्पन्नाचा मुलगा मागे पडतो तो आत्ताच्या कशामुळे तरी. शाळेत, पोलिसांपुढे, नोकरीच्या दारात. फक्त इतिहासाला जबाबदार धरलं की आजच्या कुणाला काही करावंच लागत नाही, ही त्यातली सोय आहे.

---

चिंचेचं_झाड

मी नॉर्थ कॅरोलायनातच पाचवीला शिकवते, म्हणून शाळेबद्दल.

वर्गात दोन मुलं दंगा करतात. एकाच्या आईला ई-मेल जातो, दुसऱ्याला ऑफिसात पाठवलं जातं. हे मी रोज बघते, आणि पाठवणारे सगळे वाईट लोक नसतात. देशभराच्या शिक्षण खात्याच्या आकड्यांत कृष्णवर्णीय मुलांना शाळेतून निलंबित करण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या तिपटीच्या आसपास आहे. आठ-नऊ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मोठ्यांना 'मोठा' वाटतो, त्याच वयाचा दुसरा 'अजून लहान आहे' वाटतो.

आमच्याच राज्याच्या नोंदींवर गर्शेन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास: तिसरी ते पाचवी या तीन इयत्तांत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, तरी अगदी गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं पुढे शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. एक शिक्षक! अंकगणिती म्हणतात त्या गल्लीतल्या बापांच्या आकड्याशी मला हे जोडावंसं वाटतं. आपल्यासारखा दिसणारा, रोज कामावर जाणारा मोठा माणूस नजरेसमोर असणं.

दूरदेशीताई, शार्लटच्या बसचं लिहा ना. तुम्ही ते सोडून दिलंत.

---

दूरदेशी

लिहिते, लेख फारच लांबला असता म्हणून ठेवलं होतं.

शार्लटच्या मधोमध, सेकंड वॉर्डात, ब्रुकलिन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. शाळा, चर्च, दुकानं, डॉक्टर, सगळं तिथेच. १९६० च्या दशकात 'नागरी नूतनीकरणा'च्या नावाखाली बुलडोझर फिरवला, हजाराच्या आसपास कुटुंबं उठवली. बहुतेक पश्चिम आणि वायव्येकडे ढकलली गेली. आजही नकाशा बघितला तर श्रीमंती दक्षिणेला पाचरीसारखी आणि गरिबी तिच्याभोवती चंद्रकोरीसारखी.

मग शाळा आल्या. ज्यूलियस चेंबर्स नावाच्या कृष्णवर्णीय वकिलाने खटला चालवला (१९६५ मध्ये त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला होता), आणि १९७१ मध्ये 'स्वान विरुद्ध शार्लट-मेक्लेनबर्ग' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं: मुलांना बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला न्या, पण शाळा मिसळा. पंचवीसेक वर्षं शार्लट देशभर याचं उदाहरण म्हणून मिरवत होतं. १९९९ मध्ये न्यायाधीश पॉटरनी ही व्यवस्था मोडायचा हुकूम दिला, २००२ पासून मुलं पुन्हा आपापल्या भागातल्या शाळेत. वरची वेगळी, खालची वेगळी.

मग काय झालं? बिलिंग्ज, डेमिंग आणि रॉकॉफ यांनी मोजलं. शाळा पुन्हा विभागल्यावर अल्पसंख्य *मुलग्यांमध्ये* गुन्ह्यांचं प्रमाण ठळकपणे वाढलं. मूळ लेखातला मुलगे-मुली फरक आठवा.

---

काळी_माती

अवांतर होईल, पण महाराष्ट्राने हा प्रश्न फार आधी ओळखला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १६ कोलंबियात होते, विद्यापीठापासून हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती नावासकट ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. आणि आज त्याच महाराष्ट्रातून गेलेले लोक पंगतीत 'यांना काय धाड भरलीये' म्हणतात. कुणाच्या कुठल्या बॅगा आणि त्या कुणी भरून दिल्या, हे तपासायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही.

---

खडूस_काका

आलंच जातीवर. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

काळी_माती

बसा. फुकट आहे.

---

उंबरठा

धागा भरकटण्याआधी 'आपण वर आलो' यावर.

१९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात ठरवलं की हिंदी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. १७९० च्या कायद्यात नागरिकत्व गोऱ्यांपुरतंच होतं (यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्यांना मिळालं). थिंदचे वकील होते सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा, १९१४ पासून अमेरिकी नागरिक. निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली, खुद्द पंडितांवरही खटला भरला. पंडित स्वतःचा खटला जिंकले. बाकी बऱ्याच जणांना तेवढं नशीब नव्हतं.

कॅलिफोर्नियात 'नागरिक होऊ न शकणाऱ्या' परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नव्हती. इम्पीरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांना ती दुसऱ्याच्या नावावर करावी लागायची. ते काय कमी कष्टाळू होते? १९४६ मध्ये नागरिकत्वाचं दार उघडलं, पण नव्याने येऊ द्यायची ती वर्षाला १०० हिंदी माणसं. १९६५ चा कायदा आला तेव्हा डॉक्टर-इंजिनियरांना पायघड्या. पुढे १९९० च्या कायद्याने एच-१बी. आज इथल्या प्रौढ भारतीयांत तीन चतुर्थांशांहून जास्त पदवीधर आहेत, म्हणजे भारताचा नमुना इथे आलेलाच नाही, निवडून काढलेले आलेत. कष्ट तेच होते, दार बदललं.

दूरदेशींनी दिलेला आशियाईंचा २५.५ चा आकडाही त्यामुळे जपून वाचा. त्याच अभ्यासात आहे की ज्यांच्या आईचा जन्मच अमेरिकेतला, अशा आशियाई मुलांचं वर जाणं गोऱ्यांइतकंच. डिग्री असून टॅक्सी चालवणाऱ्या बापाचं उत्पन्न तळाचं, पण घर तळाचं नाही. त्याचा मुलगा 'वर गेला' असं आकड्यात दिसतं, खरं तर तो बापाच्या मूळ जागेवर परत आला.

---

खडूस_काका

हा शेवटचा परिच्छेद पटण्यासारखा आहे. आमच्या ओळखीत एक असे गृहस्थ आहेत, एम.एस्सी. होऊन न्यू जर्सीत पेट्रोल पंपावर. दोन्ही मुलं डॉक्टर.

पण मग मेक्सिकन लोकांचं काय? ते तर बिनडिग्रीचे, शेतावर राबायला आलेले. त्यांचा आकडा ७.१, काळ्यांच्या जवळपास तिप्पट. तेव्हा दार वगैरे सगळं मान्य केलं तरी काहीतरी आतलंही असतंच, असं माझं मत कायम.

---

अंकगणिती

काका, प्रश्न रास्त आहे. हिस्पॅनिक कुटुंबांची वर जाण्याची गती गोऱ्यांपेक्षा थोडीच कमी आहे. हीच गती राहिली तर काही पिढ्यांत त्यांचं अंतर बरंचसं मिटेल. अब्रामिट्झ्की आणि बूस्टन यांनी शंभरेक वर्षांच्या नोंदी तपासल्या: गरीब स्थलांतरितांची मुलं, मग ती इटलीची असोत की मेक्सिकोची, इथल्याच गरीब गोऱ्यांच्या मुलांपेक्षा जास्त वर गेलेली दिसतात. एक कारण साधं, स्थलांतरित जिथे काम आहे तिथे जाऊन राहतो.

कृष्णवर्णीयांनीही तेच केलं होतं. दक्षिणेतून लाखोंच्या संख्येने शिकागो, डेट्रॉइट, मिलवॉकीला गेले. पुढचं आजोबांनी लिहिलंय. 'आतलं' काही असतं तर ते बहिणींमध्येही दिसायला हवं होतं, तिथे तुमचं मत अडतं.

नेटिव्ह अमेरिकनांबद्दल कुणीच बोललं नाही. ३.३ टक्के. तिथे कोणतं दार आणि कोणाची गल्ली, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

---

दूरदेशी

आता २०२४ चं. याच गटातल्या चेट्टी-पोर्टर आणि आणखी तिघांनी १९७८ ला जन्मलेली मुलं आणि १९९२ ला जन्मलेली मुलं ताडून बघितली. गरीब घरांत वाढलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमधली दरी या चौदा वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास घटली. मी हे वाचून आनंदाने उडी मारणार होते. पुढचं वाक्य वाचलं: त्याच काळात गरीब गोरे आणि श्रीमंत गोरे यांच्यातली दरी तेवढीच वाढली. दरी घटली ती काही कृष्णवर्णीय वर सरकल्यामुळे आणि काही गरीब गोरे खाली घसरल्यामुळे. नेमकी वाटणी इथे मांडत नाही, पण दोन्ही घडलंय.

कारण त्यांनी दिलंय ते चिंचेचं_झाड यांच्या म्हणण्याशी जुळतं. ज्या वस्तीत, आपल्या वंशाच्या आणि आपल्या थरातल्या *इतर* पालकांना कामं मिळत गेली, तिथली मुलं वर सरकली. स्वतःच्या आईबापांना काम असणं तेवढं पुरत नाही. ज्यांच्याशी ऊठबस आहे त्यांना काम हवं.

शार्लट पन्नासावरून अडतिसावं झालं. शहराने पेढे वाटले.

---

नवा_गडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. धागा माहितीपूर्ण. मला शार्लटला एका बँकेत ऑफर आहे, जूनमध्ये येतोय, मुलगा सात वर्षांचा. घर कुठे बघावं? शाळेचं रेटिंग ९-१० हवं, आणि सेफ एरिया.

---

रानभेंडी

😂😂 अख्खा धागा वाचून हा प्रश्न!

---

नवा_गडी

ताई, हसा. पण मुलगा माझा आहे, त्याच्यावर प्रयोग कोण करणार?

---

चिंचेचं_झाड

त्यांना हसू नका, आपण सगळ्यांनी असंच घर घेतलंय. फक्त एक सांगते. ते रेटिंग बरंचसं परीक्षेच्या गुणांवर असतं आणि गुण बरेचसे आईबापांच्या उत्पन्नावर. १० ची शाळा म्हणजे शिक्षक दहापट चांगले असं नाही, पालक श्रीमंत आहेत एवढंच कळतं. आणि आपण सगळे १० च्या मागे लागलो की तिथली घरं महागतात, ४ ची शाळा ३ होते. शाळा प्रत्यक्ष जाऊन बघा. मुख्याध्यापक किती वर्षं टिकलेत आणि शिक्षक दरवर्षी किती बदलतात, हे दोन प्रश्न विचारा.

---

दूरदेशी

@नवा_गडी, मॅग्नेट शाळा बघा. शहरभरातून मुलं येतात, लॉटरीने प्रवेश, बस असते. पहिली लॉटरी जूनच्या बरीच आधी होऊन गेलेली असते, त्यामुळे आल्यावर लगेच प्रतीक्षायादीत नाव घाला. माझी धाकटी तशाच शाळेत आहे, वर्गात सगळ्या रंगांची मुलं आहेत, गणित उत्तम चाललंय. घर सहा महिने भाड्याने घ्या, घाई करू नका. बाकी व्यनि करते.

---

खडूस_काका

माझा नातूही मॅग्नेटलाच आहे. शाळा चांगली आहे. बस मात्र पहाटे सव्वासहाला येते, तेवढी तयारी ठेवा.